मोटार-विमा आणि खोट्या विधानाची वसुली

रत्नागिरी जिल्ह्याला मोटार उशिरां भेटली. समोर समुद्र, पाठीशीं सह्याद्रि आणि मध्यें एकामागून एक खाड्या, अशा मुलखांत चाकाचें काम फार काळ होडीनें आणि माणसाच्या पायांनीं केलें. मुंबईचा चाकरमानी गांवीं यावयाचा तो आगबोटीनें. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशीं बंदरें घेत ती दक्षिणेकडे जाई, आणि पावसाळा लागला कीं तीहि वाट बंद होई. रेल्वे तर या किनाऱ्याला मिळाली ती १९९८ सालीं. त्यामुळें कुंभार्ली आणि आंबा या घाटांनीं ‘सर्व्हिस मोटार’ खालीं उतरूं लागली, तेव्हां कोंकणाच्या दृष्टीनें तें केवळ एक नवें वाहन नव्हतें. बाजार, टपाल, इस्पितळ आणि कचेरी हीं तिनें गांवाजवळ आणलीं.

तिच्याबरोबर एका नव्या जातीची आपत्तिहि आली. बैलगाडी उलटली तर बहुधा गाडीवानाचेंच नुकसान होई. घाटाच्या वळणावर मोटारीचा ताबा सुटला कीं कडेनें निमूट चाललेला, मोटारींत जन्मांत पाऊल न ठेवलेला माणूस प्राणास मुके. विम्याच्या भाषेंत हा ‘तिऱ्हाईत’. विम्याचा करार मालक आणि कंपनी या दोघांचा. तिऱ्हाइताची त्यावर सही नाहीं. मग विमा उतरवितांना मालकानें कंपनीला खोटें सांगितलें असेल, तर त्या खोट्याचा भुर्दंड कोणीं सोसावा? कंपनीनें, मालकानें, कीं ज्या मृताला त्यांतलें अक्षरहि ठाऊक नव्हतें त्याच्या विधवेनें? मोटार-विम्याच्या कायद्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा पुष्कळसा या एकाच प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

विम्याचे मूळ नियम रस्त्यावर झाले नाहींत. ते समुद्रावर झाले. पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाऱ्यांना ‘जोखमी हुंडी’ ठाऊक होती. माल सुखरूप बंदराला लागला तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे. गलबत बुडालें तर हुंडीहि बुडाली. अशी हुंडी विकत घेणारा सराफ एकाच वेळीं सावकारहि होई आणि जोखीम पत्करणाराहि. गलबत कसें आहे, माल खरोखरच भरला आहे कीं नाहीं, हें त्याला आपल्या पेढीवर बसून दिसत नसे. सांगणाऱ्याच्या सचोटीवर त्याला विसंबावें लागे.

याच गोष्टीला इंग्लंडांत १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानें कायद्याचें रूप दिलें. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याचा इंग्रज गव्हर्नर कार्टर यानें किल्ला शत्रूच्या हातीं पडल्यास भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्यें उतरविला होता. १७६० सालीं फ्रेंचांनीं किल्ला घेतला. किल्ल्याचा दुबळेपणा आपणांपासून लपविण्यांत आला, असें म्हणून जोखीम घेणाऱ्या बोहम यानें पैसे देण्याचें नाकारलें. जोखमीसंबंधीं जें एकालाच ठाऊक असतें तें त्यानें दुसऱ्याला सांगितलेंच पाहिजे, हा नियम या दाव्यांत मांडला गेला, आणि आजतागायत विम्याचा सारा व्यवहार त्यावर उभा आहे. मौज अशी कीं, त्या दाव्यांत जिंकला तो कार्टर. बोहमला जें विचारतां आलें असतें तें त्यानें विचारलें नव्हतें. डोळे मिटून हप्ता घ्यावयाचा आणि नुकसानीची वेळ आली म्हणजे डोळे उघडावयाचे, हेंहि न्यायाधीशाला मान्य नव्हतें. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग विमा-कंपन्यांच्या वकिलांना नेहमींच कमी आठवतो.

हिंदुस्थानांत १८७२ च्या करारकायद्यानें हेंच तत्त्व सर्व करारांना लावलें. कपटानें अथवा चुकीच्या विधानानें मिळविलेली संमति रद्द करतां येते. आणि त्याच कायद्याच्या ७२ व्या कलमानें, चुकीनें हातीं आलेला पैसा ज्याचा त्याला परत करावा लागतो. दोन माणसांच्या व्यवहारांत एवढें पुरेसें आहे. गलबताच्या मालकानें खोटें सांगितलें, विमा रद्द झाला, मालक बुडाला. ज्याचें खोटें त्याचीच शिक्षा. मोटारीच्या बाबतींत मात्र हा हिशेब उलटा होतो. विमा रद्द झाला तर खोटें बोलणाऱ्याचें जें जाईल त्याहून फार अधिक त्या तिऱ्हाइताचें जातें. त्याचे वारस १८५५ च्या प्राणघातक अपघातांसंबंधींच्या कायद्याखालीं दिवाणी दावा लावूं शकत. पण त्यासाठीं मागितलेल्या रकमेच्या प्रमाणांत कोर्ट-फी भरावी लागे, आणि हुकूमनामा हातीं आला तरी मालकाच्या पदरीं पुष्कळदां फुटक्या मोटारीपलीकडे कांहीं नसे.

ही अडचण सर्वत्र होती. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९२७ पासून मोटारीचा विमा सक्तीचा केला, न्यूझीलंडनें १९२८ सालीं तसा कायदा केला आणि इंग्लंडनें १९३० सालीं. सक्ती करून प्रश्न मिटेल असें वाटलें होतें. तो मिटला नाहीं. विमा असे, पण मालकानें अर्जांत एखादी गोष्ट दडविली होती असें दाखवून कंपन्या अंग काढून घेत. म्हणून १९३४ सालीं इंग्लंडांत दुसरा कायदा झाला. तिऱ्हाइतानें निकाल मिळविला कीं कंपनीनें पैसे द्यावेत. विमा खोट्या विधानावर उभा आहे असें तिचें म्हणणें असेल तर तिनें ठराविक मुदतींत स्वतः न्यायालयांत जाऊन तसें ठरवून घ्यावें, आणि तिऱ्हाइतालाहि तशी नोटीस द्यावी. नुसतें पत्र लिहून हात झटकणें बंद झालें.

हिंदुस्थान सरकारनें १९३६-३७ सालीं नेमलेल्या मोटार-विमा समितीपुढें हा सर्व अनुभव होता. १९३९ च्या मोटार-वाहन कायद्यांत सक्तीच्या विम्याचें आठवें प्रकरण आलें तें त्या अनुभवाच्या बळावर. पण मध्यें महायुद्ध गेलें. पेट्रोल मिळेनासें झालें, कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविण्याची वेळ आली, आणि त्या प्रकरणाचा अंमल सुरू होण्यास १ जुलै १९४६ उजाडला. त्याच वर्षीं इंग्लंडांत विमा-कंपन्यांनीं एकत्र येऊन एक मंडळ स्थापलें. ज्याचा विमा मुळांत नाहीं अथवा रद्द ठरला, त्याच्या मोटारीखालीं सांपडलेल्याला भरपाई द्यावयाची, हें त्याचें काम. हिंदुस्थानांत असें मंडळ झालें नाहीं. पुढें न्यायालयांना जें करावें लागलें, त्याचें एक मोठें कारण या उणिवेंत आहे.

१९३९ च्या कायद्याचें ९६ वें कलम या विषयाचा गाभा होय. मालकाविरुद्ध निकाल झाला कीं कंपनीनें पैसे द्यावेत, हा नियम. आणि कंपनीला कोणते बचाव घेतां येतील, त्यांची मोजकी यादी. महत्त्वाची गोष्ट दडवून अथवा महत्त्वाच्या बाबतींत खोटें विधान करून विमा मिळविण्यांत आला, म्हणून तो रद्द आहे, हा बचाव त्या यादींत आहे. म्हणजे कायद्यानें खोट्याकडे डोळेझांक केली असें नव्हे. मात्र सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला, आणि यादीबाहेरचे बहाणे मिटविले. विमापत्रांतील पुष्कळ बारीक अटी तिऱ्हाइतापुरत्या निष्प्रभ ठरविल्या. आणि त्या अटी असूनहि कंपनीला जे पैसे द्यावे लागतील ते तिनें मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असेंहि तेथेंच सांगितलें. ‘आधीं द्या, मग वसूल करा’ या पुढें गाजलेल्या सूत्राचें बीज येथें आहे.

१९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ब्रिटिश इंडिया जनरल इन्शुरन्स कंपनीच्या अपिलांत ही यादी काटेकोर ठरविली. तींत नसलेला कोणताहि बचाव कंपनीला स्वतःच्या नांवानें घेतां येणार नाहीं, असा तो निवाडा आहे. त्याआधीं १९५६ च्या दुरुस्तीनें अपघातांच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली होती. विधवेला आतां रकमेच्या प्रमाणांत कोर्ट-फी भरावी लागेना. परंतु अर्ज द्यावयाचा तो अपघात जेथें झाला तेथील न्यायाधिकरणांत. ही अट १९९४ च्या दुरुस्तीनें सुटली. वारसांना आपण राहतों तेथेंहि दाद मागतां येऊं लागली. कोंकणाला याचें महत्त्व फार. १९ मार्च २०१३ रोजीं गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खालीं कोसळली आणि ३७ जण मरण पावले. अशा बसमधील उतारूंचीं घरें एका तालुक्यांत नसतात; तीं देशभर विखुरलेलीं असतात.

एस्. टी. चा प्रकार निराळा. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर सुरू झालेली ही सेवा पुढें कोंकणच्या वाडीवाडीला पोंचली. सार्वजनिक वाहतूक-संस्थेनें भरपाईसाठीं स्वतंत्र निधि ठेवला तर तिला सक्तीच्या विम्यांतून सूट मिळण्याची तरतूद कायद्यांत आहे. तेथें विम्याचा अर्जच नसतो. अर्थात् त्यांतलें खोटेंहि नसतें. हा सारा प्रश्न खासगी ट्रकचा, जीपचा आणि टेंपोचा.

एक कल्पित उदाहरण घेतलें तर हें स्पष्ट होईल. आंब्याचा हंगाम आहे. रत्नागिरीचा एक ट्रक पेट्या घेऊन रातोरात वाशीच्या बाजाराकडे निघाला आहे. चालकाचा परवाना बनावट आहे. वाटेंत एका पादचाऱ्याला धडक बसते. दुसरा प्रकार जीपचा. विमा घरच्या वापराचा म्हणून कमी हप्त्यांत उतरविलेला, आणि गाडी चालते ती भाडोत्री, ज्याला लोक ‘वडाप’ म्हणतात त्या धंद्यावर. तिसऱ्या प्रकारांत हप्त्याचा चेक बँकेंतून न वटतां परत आलेला. तिन्ही ठिकाणीं मालकानें कंपनीला कांहीं ना कांहीं भासविलें आहे, आणि तिन्ही ठिकाणीं मेला आहे तो भलताच.

सर्वोच्च न्यायालयानें अशा प्रकारांचीं उत्तरें एकदम दिलीं नाहींत. तीं वीस वर्षांत हळूहळू बनलीं. १९८७ सालीं गुजरातेंतील एका ट्रकचा निवाडा झाला. चालक इंजिन चालू ठेवून खाण्याचे जिन्नस आणावयास उतरला आणि परवाना नसलेल्या क्लीनरनें गाडी हांकली. मालकानें अट मोडली नाहीं, त्याच्या अपरोक्ष ती मोडली गेली. तेव्हां कंपनी सुटत नाहीं, असें ठरलें. डिसेंबर १९९७ मध्यें न वटलेल्या चेकचा प्रश्न आला. कंपनीनें पैसे हातीं येण्यापूर्वींच विम्याचा दाखला दिला होता. त्या दाखल्यावर जगानें भरवसा ठेवला. म्हणून तिऱ्हाइताचे पैसे तिनें द्यावे, मालकाशीं काय तें मागून पाहावें. येथें बोहमची आठवण व्हावी. २००१ सालीं बनावट परवान्याबद्दल असें सांगितलें गेलें कीं, खोट्या परवान्याचें कचेरींतून नूतनीकरण झालें म्हणून तो खरा होत नाहीं. तरीहि तिऱ्हाइताला कंपनीनें द्यावें आणि मालकाचा दोष असेल तर त्याजकडून परत घ्यावें.

५ जानेवारी २००४ रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें हे सर्व धागे एकत्र केले. नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या त्या निवाड्यापासून नियम असा स्थिरावला. परवाना खोटा आहे एवढेंच दाखवून कंपनीला तिऱ्हाइतापुढें हात वर करतां येत नाहींत. मालकानें जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनें असा माणूस नेमला, हें तिनें सिद्ध केलें पाहिजे. तें सिद्ध झालें तर दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम न्यायाधिकरण त्याच निकालांत देऊं शकतें. फसवणारा मालक आणि चालकाकडून स्वतःच फसलेला मालक यांत न्यायालयानें केलेला हा भेद न्याय्य आहे. परवाना पाहून आणि गाडी चालवून पाहून चालक नेमणाऱ्या मालकानें प्रत्येक वेळीं परिवहन-कचेरींत जाऊन चौकशी करावी अशी अपेक्षा करतां येत नाहीं, असें २००३ सालींच सांगण्यांत आलें होतें.

वसुलीचा हुकूम मिळणें निराळें आणि पैसे मिळणें निराळें. पूर्वीं कंपनीला मालकावर पुन्हां दिवाणी दावा लावावा लागे. तोंपर्यंत ट्रक विकला जाई. २००४ सालींच दुसऱ्या एका निवाड्यानें ही वाट जवळ केली. स्वतंत्र दाव्याची गरज नाहीं. पैसे वारसांना देण्यापूर्वीं मालकाला नोटीस काढावी, त्याजकडून सबंध रकमेचें तारण घ्यावें, आणि तें तारण म्हणून अपघात करणारें वाहन अडकवून ठेवावें. याखेरीज १९८८ च्या कायद्याच्या १७४ व्या कलमान्वयें न्यायाधिकरण कलेक्टरकडे दाखला पाठवितें आणि रक्कम जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. याचा अर्थ रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. वर दिलेल्या उदाहरणांतला ट्रक मोडींत गेला असेल. पण मालकाची कलमांची बाग सात-बाराच्या उताऱ्यावर आहे. विम्याच्या हप्त्यांत वांचविलेले चार पैसे तलाठ्याच्या दप्तरांतून अशा रीतीनें घरीं परत येतात. ज्याची बागहि नाहीं आणि ट्रकहि कर्जाचा आहे, त्याच्यापुढें मात्र कंपनीचा हुकूमनामा फायलींतच राहतो, आणि तो तोटा अखेर प्रामाणिकपणें हप्ता भरणाऱ्या इतर मालकांवर वांटला जातो.

आतांपर्यंत खोटें बोलणारा मालक होता. खोटें तिऱ्हाइतानेंच सांगितलें असेल तर? येथें कायद्याची दया थांबते. २००० सालीं युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीच्या अपिलांत हा प्रश्न आला. दोन अर्जदारांनीं भरपाईचा निकाल मिळविला होता. दुखापत त्यांनीं सांगितलेल्या अपघातांत झालीच नव्हती, असा पुरावा आपणांस मागाहून सांपडला, असें कंपनीचें म्हणणें. निकाल एकदां झाला, आतां फेरतपासणी नाहीं, असें खालच्या न्यायालयांनीं सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें तें उलटविलें. कपटानें मिळविलेला निकाल हा निकालच नव्हे. ज्या न्यायासनाची फसवणूक झाली त्याला तो मागें घेण्याचा अधिकार उपजतच असतो. असा निकाल मागें घेतला गेला म्हणजे दिवाणी व्यवहारसंहितेच्या १४४ व्या कलमाचें तत्त्व लागतें, आणि घेतलेला पैसा परत करावा लागतो.

अशा खोट्याला मोह कोठून झाला, हेंहि पाहण्यासारखें आहे. धडक देऊन पळून गेलेली गाडी सांपडली नाहीं, तर १९९४ पासून २०२२ पर्यंत मृताच्या वारसांना सरकारी निधींतून मिळत ते २५,००० रुपये. तीच गाडी ‘सांपडली’, आणि तिचा विमा असला, तर भरपाई लाखांनीं मोजली जाई. दुसऱ्याच एखाद्या विमा असलेल्या वाहनाचा नंबर फिर्यादींत घालण्याची युक्ति या अंतरांतून जन्मली. त्यांत मालक, चालक आणि अर्जदार संगनमत करतात. येथें कंपनीशिवाय खरें बोलण्यांत कोणाचाच लाभ नसतो. त्यांतच १९९४ च्या दुरुस्तीनें अर्जाची सहा महिन्यांची मुदत काढून टाकली होती. मुदत गेल्यानें अडाण्यांचे आणि दूरच्यांचे दावे वांचले, हें खरें. पण वर्षांनंतर आलेल्या दाव्यांत कोणती गाडी खरी हें पडताळणेंहि अवघड झालें. उत्तर प्रदेशांत हा प्रकार इतका वाढला कीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०१५ सालीं विशेष तपासपथक नेमविलें; २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या माहितींत संशयित दाव्यांचा आंकडा १,३७६ होता, आणि आरोपींत वकीलहि होते.

खोट्या अर्जदाराकडून वसुली करणें ट्रकमालकाकडून करण्यापेक्षां कठीण. मिळालेली भरपाई कर्ज फेडण्यांत, घर बांधण्यांत गेलेली असते. विधवा आणि अज्ञान मुलें यांची रक्कम कोणीं लुबाडूं नये म्हणून ती बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें घालून दिला. हेतु निराळा होता. पण निकाल मागें घेण्याची वेळ आली तर परत मिळण्याजोगें कांहीं शिल्लक राहतें तें बहुधा या ठेवींतच.

२०१९ च्या दुरुस्तीनें कायद्याचीं हीं कलमें नव्यानें मांडलीं, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांचा अंमल झाला. खोट्या विधानावर मिळविलेला विमा रद्द आहे, हा १९३९ चा बचाव १५० व्या कलमांत जवळजवळ त्याच शब्दांत राहिला आहे. सहा महिन्यांची मुदत परत आली, आणि तिला न्यायालयांत आव्हानहि देण्यांत आलें. पळून गेलेल्या गाडीच्या बळीसाठीं २५,००० चे २,००,००० रुपये झाले. नंबर घुसडण्याचा मोह तेवढ्यानें कमी झाला, संपला नाहीं. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नियमांनीं पोलिसांवर असें बंधन घातलें कीं, अपघाताची पहिली हकीकत ४८ तासांच्या आंत न्यायाधिकरणाला आणि विमा-कंपनीला कळवावी, आणि पुढचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावा. वाहन कोणतें, चालक कोण, परवाना आणि विमापत्र कोणाचें, हें सारें घाटांतला रस्ता धुतला जाण्यापूर्वीं, साक्षीदार मुंबईला परतण्यापूर्वीं कागदावर यावें, अशी त्यांतली योजना आहे.